हिमोग्लोबिन ७.२, एमसीव्ही नॉर्मल: एकाहत्तर वर्षांच्या आजींचं प्रकरण

म्हातारपणी रक्त कमी होण्यामागे बऱ्याचदा एकापेक्षा जास्त कारणं असतात, आणि पहिलं कारण हाती लागलं की शोध तिथेच थांबतो. या प्रकरणात असं थांबण्याची संधी चार वेळा आली. कुठे थांबणं झालं, कुठे टळलं आणि त्याने काय फरक पडला, हे क्रमाने मांडलं आहे. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून गाव, घरचा तपशील आणि तारखा बदलल्या आहेत.

पार्श्वभूमी

आजी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावाजवळ मुलगा, सून आणि दोन नातवंडांसोबत राहतात. घर माळकरी, त्यामुळे अंडी-मांस कधीच नाही. दूध चहापुरतं. दही-ताकाने कफ होतो म्हणून तेही बरीच वर्षं बंद. वजन ४८ किलो. वर्षभरापूर्वीच्या एका केसपेपरवर ते ५३ किलो लिहिलेलं होतं.

मधुमेह चौदा वर्षांचा. मेटफॉर्मिन दिवसाला २ ग्रॅम आणि ग्लिमेपिराइड. तीन वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत एक स्टेंट बसवला होता. तेव्हापासून ॲस्पिरिन ७५, क्लोपिडोग्रेल ७५, पँटोप्राझोल ४० आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू. स्टेंटनंतर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या दोन्ही रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या साधारणपणे वर्षभर, आणि पुढे सहसा एकच ठेवतात. इथे जुनीच चिठ्ठी मेडिकलमध्ये दाखवली जात होती आणि दोन्ही गोळ्या तिसऱ्या वर्षीही तशाच येत होत्या. गुडघे दुखले की आजी आठवड्यातून तीन-चार वेळा डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी घ्यायच्या. ती कुठल्याच चिठ्ठीवर नव्हती, त्यामुळे ‘कोणती औषधं चालू आहेत’ या प्रश्नाच्या उत्तरात ती कधी आलीच नाही.

तक्रारी हळूहळू वाढल्या. आधी देवळापर्यंत चालणं बंद झालं, मग जिना, मग अंगण. आजी म्हणायच्या, “अंगात त्राण राहिलं नाही.” घरच्यांनी आणि त्यांनी स्वतःही ते वयावर घातलं. वृद्धांमध्ये हेच घडतं: दम लागायला लागला की माणूस हालचाल कमी करतो, हालचाल कमी झाली की दम लागत नाही, आणि आजार दिसतच नाही. म्हणून ‘दम लागतो का?’ यापेक्षा ‘सहा महिन्यांपूर्वी करत होता आणि आता करत नाही असं काय आहे?’ हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो.

फेब्रुवारीत गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९.१. “या वयात बायकांचं एवढंच असतं,” असं सांगून लोहाचं सिरप आणि ताकदीची काही इंजेक्शनं दिली गेली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, आकडा कमी आहे हे पाहिलं, हे बरोबरच झालं. पण आकडा का कमी आहे, हा प्रश्न विचारला गेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत बायकांसाठी १२ आणि पुरुषांसाठी १३ ग्रॅम ही खालची मर्यादा आहे; साठीनंतर ती खाली सरकत नाही. आपल्याकडे ‘ॲनिमियामुक्त भारत’ मोहिमेत लहान मुलं, किशोरवयीन, प्रजननक्षम वयातल्या, गरोदर आणि स्तनदा स्त्रिया हे गट धरलेले आहेत. सत्तरीच्या बाईंचं रक्त कुणी आपणहून तपासायला येत नाही.

सिरपचाही उपयोग झाला नाही, आणि त्याची कारणं साधी होती. ते सकाळी चहासोबत घेतलं जायचं आणि कॅल्शियमची गोळी त्याच वेळी. चहातलं टॅनिन आणि कॅल्शियम दोन्ही लोहाचं शोषण अडवतात. त्यात पँटोप्राझोलमुळे जठरातलं आम्ल कमी, म्हणजे लोह विरघळायलाच अडचण. शिवाय बद्धकोष्ठ झालं म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून आजी सिरप एक दिवस घ्यायच्या आणि दोन दिवस टाळायच्या.

अडचण

जूनमध्ये एका पहाटे आजी न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडल्या. मुलाने ग्लुकोमीटरवर साखर पाहिली तर ५८. गूळपाणी देऊन तालुक्याच्या रुग्णालयात आणलं. हाड मोडलं नव्हतं, पण नाडी १०४, दोन्ही पायांवर सूज, आणि खाटेवरून उठून संडासापर्यंत जाताना धाप.

रक्ताचा अहवाल असा होता: हिमोग्लोबिन ७.२, एमसीव्ही ८८, आरडीडब्ल्यू २१.४, पांढऱ्या पेशी ३,९००, प्लेटलेट १ लाख ३८ हजार. क्रिएटिनिन १.१.

एमसीव्ही म्हणजे लाल पेशींचं सरासरी आकारमान. ८० ते १०० नॉर्मल. लोह कमी असेल तर ते घटतं, बी-१२ किंवा फॉलिक ॲसिड कमी असेल तर वाढतं. ८८ पाहून पहिला अंदाज असा निघाला की ना लोहाची कमतरता, ना बी-१२ची. दीर्घ आजारामुळे किंवा मूत्रपिंडामुळे रक्त कमी असावं. थांबण्याची ही पहिली जागा. पण आरडीडब्ल्यू २१.४ हा आकडा त्या अंदाजात बसत नव्हता. आरडीडब्ल्यू पेशींच्या आकारातला फरक सांगतो आणि तो सहसा १४.५ च्या आत असतो. सरासरी नॉर्मल आणि फरक मोठा, याचा अर्थ लहान पेशीही आहेत आणि मोठ्याही, आणि दोन्ही मिळून सरासरी मधोमध येते आहे. मूत्रपिंडाचं कार्यही क्रिएटिनिनवरून पन्नाशीच्या थोडं वर निघत होतं. एवढ्या घटीने हिमोग्लोबिन ७ वर येत नाही.

तपासणीत तीन गोष्टी नोंदल्या गेल्या. खालच्या पापणीची आतली बाजू पांढुरकी. जीभ गुळगुळीत, लालभडक, कडांचे उंचवटे गेलेले. गेले काही महिने ठेचा लावला की जीभ पोळते म्हणून आजी भाकरी दुधाच्या चहात कुस्करून खात होत्या. आणि १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क घोट्यावर ठेवला तर कंप जाणवत नव्हता; डोळे मिटून उभं केलं तर तोल जात होता. पायांची बधिरता आधीही सांगितली होती, ती मधुमेहाची म्हणून नोंदली गेली होती.

चौथी गोष्ट सुनेने सांगितली, तीही जाता जाता: “तांदूळ निवडायला बसल्या की निवडणं कमी आणि चघळणं जास्त. कच्चेच. मूठमूठ.” कच्चे तांदूळ, माती, राख, खडू, बर्फ असं खाण्याची ओढ ही लोहाच्या कमतरतेची ओळखीची खूण आहे. रुग्ण ती स्वतःहून सांगत नाही, कारण लाज वाटते. घरातल्या बाईमाणसाला विचारावं लागतं.

पिशवीतले जुने अहवाल

मुलाने सोबत एक प्लास्टिकची पिशवी आणली होती. तिच्यात चार वर्षांचे कागद होते. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी ते खाटेवर तारखेप्रमाणे लावले. स्टेंटच्या वेळी हिमोग्लोबिन १२.१. वर्षाने ११.२. पुढच्या वर्षी १०.३. फेब्रुवारीत ९.१. आता ७.२. प्रत्येक अहवाल वेगळ्या लॅबचा, वेगळ्या डॉक्टरांनी पाहिलेला, आणि प्रत्येकावर ‘किंचित कमी’ एवढंच. एका ओळीत लावल्यावर मात्र तीन वर्षं चाललेली घसरण दिसली. ही संपूर्ण प्रकरणातली सर्वात स्वस्त तपासणी, आणि पुढचे बरेच निर्णय तिच्यावर उभे राहिले.

याच पिशवीत आणखी एक गोष्ट सापडली. मार्चमधला एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारा आकडा) ८.६, आणि त्यावरून ग्लिमेपिराइड १ वरून २ मिलिग्रॅम केलेलं. ८.६ म्हणजे सरासरी साखर २०० च्या आसपास असायला हवी. पण मुलाच्या वहीतल्या ग्लुकोमीटरच्या नोंदी उपाशीपोटी ९५ ते ११० आणि जेवणानंतर जास्तीत जास्त १७० अशा होत्या. लोह किंवा बी-१२ कमी असलं की लाल पेशी कमी तयार होतात, रक्तात जुन्या पेशींचं प्रमाण वाढतं, आणि साखरेच्या संपर्कात जास्त दिवस राहिल्यामुळे एचबीएवनसी खोटाच वाढलेला दिसतो. त्या खोट्या आकड्यावर गोळी वाढली आणि पहाटे साखर उतरू लागली. पडण्याचं एक कारण हे होतं, दुसरं तोल.

निर्णय पहिला: बाटली चढवण्याआधी काय

मुलाचा आग्रह होता, “दोन-तीन बाटल्या चढवा, म्हणजे लगेच ताकद येईल.” रक्त चढवावं की नाही याआधी एक काम होतं: नमुने बाजूला काढणं. दुसऱ्याचं रक्त मिसळल्यावर लोह, फॉलिक ॲसिड आणि पेशींचा स्मिअर (काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेलं रक्त) यांचं चित्र बिघडतं. म्हणून फेरिटिन (लोहाचा साठा), ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात वाहून नेलं जाणारं लोह), बी-१२, फॉलिक ॲसिड, रेटिक्युलोसाइट (नव्या लाल पेशी), स्मिअर, एलडीएच, सीआरपी (दाहाची खूण), टीएसएच (थायरॉइड) आणि प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस यांचं रक्त आधी घेतलं. शेवटची तपासणी मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगासाठी; सत्तरीत रक्तक्षय असेल तर ती विसरू नये.

रक्त द्यायचं का, यावर डॉक्टरांत दोन मतं होती. स्थिर रुग्णात ७ च्या खाली आणि हृदयविकार असेल तर ८ च्या खाली रक्ताचा विचार करतात. आजींचा ईसीजी जुन्यासारखाच होता, छातीत दुखत नव्हतं, ट्रोपोनिन नॉर्मल. वर्षानुवर्षं हळू उतरलेल्या हिमोग्लोबिनशी शरीर जुळवून घेतं, त्यामुळे नुसत्या आकड्याला घाबरायचं कारण नव्हतं. पण चार पावलांत धाप आणि स्टेंटचा इतिहास, म्हणून रक्त द्यायचं ठरलं. एकच बाटली.

एकच का, हे मुलाला नीट सांगावं लागलं. दीर्घ रक्तक्षयात शरीरातलं एकूण द्रव आधीच वाढलेलं असतं आणि हृदय जोरात चाललेलं असतं. त्यात ४८ किलोच्या वृद्ध बाईला भराभर रक्त दिलं तर फुफ्फुसात पाणी होतं. वृद्धांमध्ये रक्त चढवण्याचा हा सर्वात मोठा धोका आहे. बाटली साडेतीन तासांत दिली (फ्रिजमधून काढल्यापासून चार तासांत ती संपायलाच हवी), सोबत लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड २० मिलिग्रॅम, आणि दर अर्ध्या तासाने नाडी, श्वास, ऑक्सिजन. दुसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन ८.३. एका बाटलीने साधारण १ ग्रॅम वाढतं, तेवढंच वाढलं.

निर्णय दुसरा: आधी बी-१२, मग फॉलिक ॲसिड

अहवाल आले. बी-१२ १२८ पिकोग्रॅम (२०० च्या खाली कमतरता). स्मिअरमध्ये लहान फिकट पेशी आणि मोठ्या अंडाकृती पेशी शेजारीशेजारी, आणि काही पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाला सहा-सहा पाळ्या. फेरिटिन ३४, सीआरपी १८, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन ८ टक्के.

फेरिटिनवर लॅबने ‘नॉर्मल’ छापलं होतं, कारण त्यांची खालची मर्यादा १३ होती. पण फेरिटिन शरीरात दाह असला की वाढतं. वृद्धांमध्ये, विशेषतः सीआरपी वाढलेला असताना, १०० पर्यंतचं फेरिटिनही लोहाची कमतरता लपवू शकतं. सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असेल तर संशय पक्का होतो. म्हणजे बी-१२ही कमी आणि लोहही कमी.

पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही घटलेल्या असल्याने अस्थिमज्जा तपासावी का, असा प्रश्न निघाला. बी-१२ची तीव्र कमतरता तिन्ही पेशी कमी करते आणि अस्थिमज्जेच्या आजारासारखी दिसते. म्हणून आधी बी-१२ देऊन सातव्या दिवशी रेटिक्युलोसाइट पाहायचे, वाढले नाहीत तरच अस्थिमज्जा, असं ठरलं. हा निर्णय आमच्या मते सर्वात समंजस होता. सुई टळली.

बी-१२ १००० मायक्रोग्रॅम स्नायूत, पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, मग आठवड्याला एक असं चार आठवडे, मग महिन्याला एक. फॉलिक ॲसिड बी-१२ सुरू झाल्यानंतरच. नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर हिमोग्लोबिन सुधारताना दिसतं आणि मज्जारज्जूची हानी आत चालूच राहते. फेब्रुवारीतल्या ताकदीच्या औषधांत फॉलिक ॲसिड होतं, बी-१२ होतं की नाही ते चिठ्ठीवरून कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी पोटॅशियम ३.९ वरून ३.२ वर आलं. हे अपेक्षित होतं. नव्या पेशी भराभर बनू लागल्या की त्या पोटॅशियम ओढून घेतात, आणि फ्युरोसेमाइडने ते लघवीवाटेही जातं. स्टेंट असलेल्या हृदयाला हे परवडत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात दोनदा पोटॅशियम तपासायचं आधीच लिहून ठेवलं होतं. सिरप देऊन ते वर आणलं. सातव्या दिवशी रेटिक्युलोसाइट १.१ वरून ८ टक्क्यांवर गेले.

बी-१२ कमी होण्याची कारणं समोरच होती: शाकाहार, दूध जवळजवळ नाही, चौदा वर्षं मेटफॉर्मिन, तीन वर्षं पँटोप्राझोल. इथे थांबण्याची दुसरी जागा होती. पण शाकाहाराने आणि मेटफॉर्मिनने लोहाचं ८ टक्के सॅच्युरेशन समजत नाही. पाळी थांबून वीस वर्षं झालेल्या बाईच्या शरीरातलं लोह कुठून तरी जात असतं, आणि ती वाट बहुतेकदा पोटातून असते.

निर्णय तिसरा: दुर्बीण वरून, की दोन्हीकडून

हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून क्लोपिडोग्रेल कायमचं बंद केलं, ॲस्पिरिन ठेवलं. डायक्लोफिनॅक बंद, गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल. पाच दिवसांनी जिल्ह्याच्या ठिकाणी एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून जठराची तपासणी, झाली. जठराच्या खालच्या भागात ओरखडे आणि ५ मिलिमीटरचा एक स्वच्छ तळाचा व्रण. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि डायक्लोफिनॅक एकत्र घेणाऱ्या रुग्णात अगदी अपेक्षित.

थांबण्याची तिसरी जागा, आणि सर्वात मोहाची. कारण सापडलं होतं. शौचातल्या छुप्या रक्ताची तपासणीही निगेटिव्ह आली होती. मुलगा म्हणाला, “डॉक्टरसाहेब, अल्सर सापडला ना? मग आता आईला आणखी कशाला त्रास?” मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीसाठी (कोलोनोस्कोपी) पोट साफ करावं लागतं, त्यात पाणी आणि क्षार जातात, म्हातारं माणूस संडासात पडू शकतं. त्याची भीती निराधार नव्हती.

पुढे जाण्याच्या बाजूने हे मुद्दे होते. वृद्धांमध्ये वरच्या बाजूला साधं कारण सापडलं तरी खालच्या बाजूला दुसरं असू शकतं. पाळी थांबलेल्या बायका आणि पुरुष यांच्यात लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय असेल तर शंभरातल्या आठ-दहा जणांत पचनमार्गाचा, बहुतांशी मोठ्या आतड्याचा, कर्करोग निघतो. उजव्या बाजूच्या आतड्यात शौच पातळ असतो, त्यामुळे तिथली गाठ मोठी झाली तरी बद्धकोष्ठ होत नाही आणि लाल रक्त दिसत नाही. कित्येकदा रक्तक्षय हीच पहिली खूण. छुप्या रक्ताची तपासणी एका दिवसाचं सांगते, आणि रक्त रोज जात नाही. म्हणून लोह कमी असताना तिचा निगेटिव्ह निकाल आतडं निर्दोष ठरवत नाही. शिवाय वजन पाच किलोने उतरलं होतं.

तोवर सगळी चर्चा मुलाशी चालली होती. मग डॉक्टरांनी आजींना विचारलं: “आजी, तपासणीत गाठ निघाली तर ऑपरेशन करायची तुमची तयारी आहे का? नसेल तर तपासणीचा त्रास तरी कशाला?” आजी म्हणाल्या, “काय आहे ते कळू द्या. आणि कापायचं झालं तर आधी मला सांगा, पोराला मागून.” निर्णय तिथे झाला. हाच प्रश्न अंथरुणाला खिळलेल्या, स्मृतिभ्रंश झालेल्या नव्वदीच्या माणसाबाबत विचारला तर उत्तर बहुधा वेगळं येईल, आणि तिथे तपासणी न करता लोह देत राहणं हाही योग्य उपचार असू शकतो.

तयारीसाठी २ लिटर पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं द्रावण दोन भागांत: निम्मं आदल्या संध्याकाळी, निम्मं तपासणीच्या पाच तास आधी. रुग्णालयात ठेवूनच. फ्युरोसेमाइड त्या दोन दिवसांत बंद, मेटफॉर्मिन बंद, ग्लिमेपिराइड दाखल झाल्यापासूनच बंद. दर चार तासांनी साखर, खाटेशेजारी कमोड, आणि रात्रभर सून सोबत. लोहाची गोळी मुद्दाम सुरू केली नव्हती: तिने शौच काळा होतो, रक्त जातंय की नाही कळत नाही, आणि आतड्याला चिकटलेला काळा थर दुर्बिणीला अडथळा करतो.

चढत्या आतड्यात, सीकमजवळ (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीजवळ), ३.५ सेंटिमीटरची गाठ निघाली. बायोप्सीत ॲडेनोकार्सिनोमा, म्हणजे कर्करोग. छाती-पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये इतरत्र पसरल्याची खूण नव्हती.

लोह: तोंडाने की शिरेतून

शस्त्रक्रियेआधी हिमोग्लोबिन वाढवायचं होतं आणि हाती चार-पाच आठवडे होते. गाठ आहे म्हणून त्याहून जास्त थांबणं नको होतं. तोंडाने लोह पुरेसं पडणार नव्हतं: पँटोप्राझोल व्रणासाठी हवंच होतं, आणि रक्त अजून थोडं थोडं जातच होतं.

गरज मोजली: वजन गुणिले अपेक्षित आणि सध्याच्या हिमोग्लोबिनमधला फरक, गुणिले २.४, अधिक साठ्यासाठी ५००. म्हणजे ४८ × (१३ − ८.३) × २.४ + ५००, साधारण १०४० मिलिग्रॅम. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज हे शिरेतून द्यायचं लोह १००० मिलिग्रॅम एकाच वेळी देता येतं, पण किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि ४८ किलोला ती ९६० होते. म्हणून ५०० चे दोन डोस आठवड्याच्या अंतराने, १०० मिलिलिटर सलाइनमध्ये पंधरा मिनिटांत, नंतर अर्धा तास नजरेखाली. सुई शिरेबाहेर गेली तर कातडीवर कायमचा तपकिरी डाग पडतो, त्यामुळे आधी नुसतं सलाइन सोडून शीर तपासली. या औषधाने फॉस्फेट उतरू शकतं. दोन आठवड्यांनी ते पाहिलं, ठीक होतं.

ज्यांना शिरेतून लोह परवडत नाही किंवा घाई नाही, त्यांना गोळीचा मार्ग चांगलाच आहे. ६० ते १०० मिलिग्रॅम लोह, दिवसातून एकदाच, शक्यतो एक दिवसाआड. एक डोस घेतला की हेपसिडिन हे संप्रेरक वाढतं आणि जवळजवळ एक दिवस पुढचं शोषण अडवून धरतं. म्हणून दिवसातून तीनदा घेतल्याने लोह कमी आणि बद्धकोष्ठ जास्त मिळतं. ऐंशीच्या पुढच्या रुग्णांच्या एका अभ्यासात रोज १५, ५० आणि १५० मिलिग्रॅम घेणाऱ्यांचं हिमोग्लोबिन सारखंच वाढलं, त्रास मात्र डोसाप्रमाणे वाढला. गोळी रिकाम्या पोटी, लिंबूपाण्यासोबत. चहा, दूध, कॅल्शियम दोन तास लांब. दोन ते चार आठवड्यांत हिमोग्लोबिन १ ग्रॅमनेही वाढलं नाही तर डोस वाढवत बसू नये. गोळी घेतली जातेय का, शोषली जातेय का, रक्त जातंय का, हे पाहावं. हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावरही साठा भरायला आणखी तीन महिने.

बीट आणि खजुराबद्दल घरच्यांनी विचारलं. पालेभाज्या, डाळी, लोखंडी कढई, जेवणात लिंबू किंवा आवळा हे सगळं चालू ठेवावं, पण ७ चं हिमोग्लोबिन त्याने वर येत नाही.

परिणाम

पाचव्या आठवड्यात हिमोग्लोबिन १०.९ असताना उजव्या बाजूचं आतडं दुर्बिणीने काढलं. शस्त्रक्रियेत रक्त लागलं नाही. तपासलेल्या २२ लसिका गाठींपैकी एकीतही कर्करोग नव्हता; कर्करोगाचा दुसरा टप्पा, धोक्याच्या खुणा नाहीत, त्यामुळे केमोथेरपी न देता पाठपुरावा ठरला. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या सर्वांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान योजनेत ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. ते कार्ड काढण्यात चार दिवस गेले, आधी काढून ठेवलं असतं तर तेही वाचले असते.

वर्षाने हिमोग्लोबिन १२.३, फेरिटिन ९६. जीभ पंधरा दिवसांतच सुधारली होती, कच्चे तांदूळ चघळणं शिरेतलं लोह मिळाल्यावर थांबलं. तोल सुधारला. घोट्यापर्यंतची बधिरता मात्र राहिली. मज्जातंतूंची हानी बरेच महिने जुनी असेल तर ती पूर्ण भरून येत नाही. बी-१२चं इंजेक्शन महिन्याला एक, कायमचं. या शस्त्रक्रियेत लहान आतड्याचा शेवटचा थोडा भागही जातो, आणि बी-१२ तिथेच शोषलं जातं. एवढ्याशा भागाने सहसा अडत नाही, पण आधीच तीन कारणं असलेल्या रुग्णात इंजेक्शन थांबवण्यात अर्थ नव्हता.

शस्त्रक्रियेच्या सुमारास एचबीएवनसी ५.८ आला. आता तो उलट्या दिशेने खोटा होता, कारण रक्तात नव्या पेशी भरपूर होत्या. त्यावर मधुमेहाचे निर्णय न घेता वहीतल्या ग्लुकोमीटरच्या नोंदी धरल्या. पाच महिन्यांनी ७.० आला, तो खरा. ग्लिमेपिराइड परत लागलं नाही, मेटफॉर्मिन १ ग्रॅमवर आणलं.

वेगळं काय करता आलं असतं

फेब्रुवारीत ९.१ दिसलं तेव्हाच सीबीसीचा (रक्तपेशींच्या मोजणीचा) पूर्ण कागद, फेरिटिन आणि बी-१२ पाहिलं असतं तर चार महिने वाचले असते. त्याआधी, १२.१ चं ११.२ झालं तेव्हाही विचारता आलं असतं. वर्षभरात १ ग्रॅमने उतरलेलं हिमोग्लोबिन, आकडा ‘थोडासाच’ कमी असला तरी, कारण मागतं.

मेटफॉर्मिन चार-पाच वर्षांहून जास्त चालू असेल तर दर एक-दोन वर्षांनी बी-१२ तपासायला हवं. शाकाहारी रुग्णात तर नक्कीच. पायांच्या बधिरतेवर ‘मधुमेह’ लिहिण्याआधी ही एक तपासणी व्हायला हवी होती.

क्लोपिडोग्रेलच्या चिठ्ठीवर ‘अमुक तारखेपर्यंत’ असं लिहिलेलं नव्हतं. मुदतीची गोळी मुदत न लिहिता दिली की ती कायमची होते.

एचबीएवनसी आणि हिमोग्लोबिन एकाच नमुन्यातून पाहिले असते तर ग्लिमेपिराइड वाढलं नसतं, आणि त्या पहाटेचं पडणंही कदाचित टळलं असतं.

एंडोस्कोपी आणि कोलोनोस्कोपी एकाच दिवशी, एकाच भुलीत करता आल्या असत्या. वेगवेगळ्या केल्याने खेप वाढली आणि मधल्या दिवसांत ‘अल्सर सापडला’ या समाधानाने निर्णय डळमळला.

रक्ताच्या एका बाटलीबद्दल मतभेद अजून आहेत. अंथरुणात विश्रांती, बी-१२ आणि शिरेतलं लोह यांवर आठवडाभर थांबता आलं असतं असं एक मत. हृदयाचा इतिहास पाहता एक बाटली, सावकाश, हे दुसरं. आम्हाला दुसरं पटतं. तीन बाटल्या मात्र कुणालाच पटल्या नसत्या.

आणि थांबण्याची चौथी जागा अजून उघडी आहे. गाठीची जनुकीय दोषासाठीची तपासणी नॉर्मल आली, त्यामुळे आनुवंशिक प्रकाराची शक्यता कमी आहे. तरीही आई किंवा वडिलांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला असेल तर मुलांची तपासणी चाळिशीत सुरू करतात. मुलाचं वय ४६. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वर्षाची कोलोनोस्कोपी आजींनी वेळेवर करून घेतली. मुलाच्या केसपेपरवर ती दोनदा लिहिली गेली आहे आणि अजून झालेली नाही. पुढच्या भेटीला आजींच्या इंजेक्शनासोबतच त्याचीही तारीख घ्यायची, असं सुनेने ठरवलं आहे.